उभ्या गाडीतले दीडशे घोडे

आमच्या घराचं आजवर जे काही नुकसान झालं, ते माझ्या प्रश्नांमुळं झालं, असं आमच्या मालकांचं ठाम मत आहे.

मी त्यावर वाद घालत नाही. कारण पहिला प्रश्न मी लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारला होता. "ह्या पंख्याचं बटण उलटं का बसवलंय?" एवढंच. नवी नवरी विचारतेय म्हणून यांनी मोठ्या उत्साहानं पेचकस आणला, बटण सुलटं केलं, आणि पाहुणे आपापल्या गावी जाईपर्यंत त्यांना पत्रावळीनं वारा घालावा लागला. शाळा माझी चौथीत सुटली, विचारायची खोड काही सुटली नाही. मला जे थोडंफार लिहिता-वाचता येतं, जगातल्या चार गोष्टी कळतात, ते सगळं कुणाला ना कुणाला हैराण करूनच आलेलं आहे.

तर ही गोष्टही अशाच एका प्रश्नाची. म्हणजे दोन प्रश्नांची. (दुसरा अगदी लहान होता.)

आमचं गाव जळकोट, हायवेला लागून. आमचे मालक शिवाप्पा, यांनी उभी हयात ट्रकवर काढली. आता गाडी सोडून घरी बसलेत, तरी हायवेवरची माणसं अजून त्यांना 'वस्ताद' म्हणतात. ते गाडीवर असताना सासऱ्यांनी टाकलेली पिठाची गिरणी मी सांभाळली. आधी सासूबाई सोबतीला होत्या, पुढं एकटीनं. दगड झिजला की टाकी लावून त्याला धार आणणं, पट्टा चढवणं, पीठ बारीक पडतंय का जाड ते बोटाच्या चिमटीत ओळखणं, सगळं. त्यामुळं गावात माझं खरं नाव कुणाला माहीत नाही. मी गिरणीवाल्या आक्का.

गिरणीसमोर कडुलिंबाखाली एक कट्टा आहे. संध्याकाळी तिथं तिघं जमतात. एक आमचे वस्ताद. दुसरे रशीद मिस्त्री, त्यांचं हायवेवर गॅरेज आहे आणि वैद्यानं नाडी बघावी तसं ते इंजिनाला हात लावून आजार सांगतात. तिसरा गुंडाप्पा, आमच्याच आळीतला, सहा टायरच्या ट्रकचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. ही तीन माणसं एकत्र आली की दुसरा विषय नसतो. कुठल्या गाडीच्या इंजिनात किती घोड्यांची ताकद, कुठली गाडी माल भरून तुळजापूरचा घाट हसत चढते आणि कुठली निम्म्यातच रडायला लागते. देवळात माणसं देवाचं नाव घेणार नाहीत इतक्या भक्तीनं ही घोड्यांचं नाव घेतात.

मी गिरणीच्या दारात बसून ऐकायची. लई दिवस नुसतं ऐकलं. मग राहवेना.

"अहो, घोडा म्हणजे कुठला धरायचा? टांग्याचा का लग्नातला?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मालक म्हणाले, घोडा म्हणजे घोडा. मी म्हटलं, असं कसं, लग्नातला घोडा नुसता मिरवायचा, त्याला वरातीत निम्मी वाट मागनं ढकलावं लागतं. झालं, त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत तेवढाच विषय पुरला. शेवटी रशीद मिस्त्रींनी टांग्याच्या घोड्याला कौल दिला. मला आतून फार बरं वाटलं. कारण आमच्या गिरणीच्या मोटरवर दहा घोड्यांची ताकद लिहिलेली आहे, आणि इतकी वर्षं आपण दारात दहा टांगे बाळगून आहोत हे मला त्या दिवशी कळलं.

हे असंच सुखात चाललं असतं. पण स्टँडाजवळ एक नवी गिरणी निघाली आणि तिथं जनरेटर आला.

आमच्याकडं लाइट गेली की बायका डबा उचलून तिकडं चालू लागल्या. गिऱ्हाइकाचं असं असतं, की एकदा दुसरीकडं दळून आणलं की परत आपल्याकडं यायला ते लाजतं, आणि चार दिवस लाजलं की मग येतच नाही. मी मालकांना म्हटलं, आपल्याला पण जनरेटर बघा. घराला होईल, गिरणीलाही होईल.

इथं माझं चुकलं. 'बघा' म्हणायचं नव्हतं, 'आणा' म्हणायचं होतं.

तिघं बघायला लागले. कट्ट्यावर बसून. पहिल्या संध्याकाळी तो जनरेटर आमच्या फ्रीजएवढा होता. दोन पंखे, चार दिवे आणि टीव्ही. दुसऱ्या संध्याकाळी गुंडाप्पाला आठवलं की गिरणी चालवायची तर दहा घोडे वेगळे धरावे लागतील, तेव्हा तो कपाटाएवढा झाला. मग रशीद मिस्त्री म्हणाले, मोटर सुरू होताना तिप्पट ओढते, एकदा पळायला लागली की शांत होते, म्हणून तीस घोडे धरा. मी म्हटलं, माणसाचंही तसंच आहे, सकाळी उठवायलाच जास्त ताकद लागते. (मालकांनी माझ्याकडं बघितलं नाही.) मग मी विचारलं, दुकानात तर म्हणे घोडे सांगत नाहीत, केव्हीए सांगतात, ते काय असतं?

"घोडा आन् केव्हीए साडू लागतात, आक्का," मिस्त्री म्हणाले. "सासुरवाडी एकच, पर एकमेकाचा हिशेब जमत न्हाय."

आवाज न करणारे जनरेटर निघालेत, असं मी कुठंतरी ऐकलं होतं तेही सांगून बघितलं. तिघांनाही ते मुळीच आवडलं नाही. आवाज नाही तर ताकद आहे हे कळणार कसं, असं गुंडाप्पाचं म्हणणं पडलं. असं करत करत तो जनरेटर बोलण्यात एवढा वाढला, की त्याला ठेवायला आधी एक खोली बांधावी लागणार होती. आणि खोलीचा विषय निघाला की तिघंही उठून चहाला जायचे.

म्हणजे जनरेटर आमच्याकडंही होता. फक्त तो तोंडी होता.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस म्हणतात, आणि आमच्या भागात तिच्यापुढं दिवाळी फिकी. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आंबील, डाळीचं पीठ लावलेली पातळ भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे असा स्वयंपाक न्यायचा, आणि बांधावरनं जो जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. नोकरीला गेलेली पोरं येतात. कुठं कुठं माल घेऊन गेलेले ट्रकवालेसुद्धा गाडी गावाकडं वळवतात. आणि बाजरीच्या पिठाची खोड अशी, की ते लवकर कडू होतं. आठ दिवस आधी दळून ठेवता येत नाही. त्यामुळं अख्ख्या गावाचं दळण आदल्या दिवशी एकदम.

त्या वर्षी आदल्या दिवशी सकाळी लाइट गेली. शिवारात कुठंतरी खांब वाकला होता. वायरमन म्हणाला संध्याकाळी येईल. कुठल्या संध्याकाळी, ते काही त्यानं सांगितलं नाही.

दुपार टळली. अंगणात डब्यांची ही रांग! धुळीत नकोत म्हणून गुंडाप्पानं आपल्या ट्रकची ताडपत्री अंथरून दिली होती, तिच्यावर सगळे डबे ओळीनं. बहुतेक बाजरीचे, कुणाची आंबिलीसाठी ज्वारी, आणि पारूबाईची हरभऱ्याची डाळ. पारूबाई आमच्या शेजारच्या. मनानं चांगल्या, पण जीभ नुकत्याच टाकी लावलेल्या दगडासारखी. त्या आपल्या बाजरीच्या डब्यावरच बसल्या होत्या.

"आक्का," त्या म्हणाल्या, "तिकडं स्टँडावर जनरेटर हाय. तुमच्याकडं त्याच्या गप्पा हायत. आमी बसावं का उठावं, तेवढं सांगा."

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. पारूबाई उठल्या असत्या तर रांग उठली असती, आणि सणाच्या दिवशी उठलेली रांग परत बसत नाही. गिरणीला कुलूप लावायचीच वेळ. मी बोलून गेले:

"दिवा लागायच्या आत सगळ्यांच्या डब्यात पीठ असंल. माझा शब्द हाय."

शब्द दिला खरा, पण दळायचं कशावर, ते ठरलं नव्हतं.

तशीच कट्ट्याकडं गेले. तिथं तिघं निवांत बसलेले. गुंडाप्पाचा ट्रक समोरच उभा, सणासाठी धुऊन पुसून, कपाळाला गोंडे बांधलेले. गुंडाप्पा सांगत होता, इंजिनाचं काम केल्यापासून गाडी कशी उडते, दीडशेच्या दीडशे घोडे कसे जागे झालेत. मी ऐकलं. आणि मला खरंच, अगदी मनापासून, जाणून घ्यावंसं वाटलं.

"गुंडाप्पा, गाडी उभी असली की ते दीडशे घोडे काय करतात?"

"म्हंजे?"

"म्हंजे माझे दहा घोडे लाइटीविना आडवे झालेत. आन् हितं दारात तुझे दीडशे नुसते उभे. त्यांना कामाला लावता येत न्हाय व्हय?"

गुंडाप्पा हसला. मालक हसले. रशीद मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, ट्रककडं बघितलं, गिरणीकडं बघितलं, परत ट्रककडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे काही चमकलं, ते मी पूर्वी एकदा पंख्याच्या बटणाच्या वेळी मालकांच्या डोळ्यांत पाहिलं होतं. मी तेव्हाच घरात निघून जायला पाहिजे होतं.

मिस्त्रींनी विचारलं, सासऱ्यांच्या काळात गिरणी कशावर चालायची? मी सांगितलं, डिझेलच्या इंजिनावर. बाहेर छपरात इंजिन असायचं आणि त्याचा लांबलचक पट्टा दारातनं आत गिरणीला यायचा. इंजिन कधीच भंगारात गेलं, पट्टा अजून माळ्यावर आहे. मिस्त्री म्हणाले, मग झालं. इंजिनाचं चाक फिरायचं, तसं ट्रकचंही चाकच आहे. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, पट्टा एकीकडं टायरवर, दुसरीकडं गिरणीवर. गाडी जागची हलायची नाही, चाक फिरंल, गिरणी पळंल.

वर्षभर नुसती तोंडं चालत होती, त्या दिवशी एकदम सहा हात चालायला लागले. मालक तर दहा वर्षांनी लहान दिसत होते. पट्टा काढला, झटकला, घसरू नये म्हणून त्याला राळ चोळली. गाडी मागं घेऊन सरळ रेषेत उभी केली. आमचं अंगण रस्त्याकडं थोडं उतरतं, म्हणून मालकांनी जमिनीवरच्या तिन्ही चाकांपुढं स्वतः मोठाले दगड लावले, आणि वर बजावलं की कुणी हात लावायचा नाही. मिस्त्रींनी फरशीवर खडूनं हिशेब मांडला, कुठल्या गिअरात चाक किती पळंल त्याचा. एक चाक उचललं की ते दुप्पट पळतं म्हणे. मी विचारलं, का?

"दोन भाऊ हायत समजा, आक्का. एक बसून राहिला, की त्याच्या वाटणीचं बी दुसऱ्यालाच पळावं लागतं."

मला हे लगेच पटलं. एकीकडं कट्टा, एकीकडं गिरणी, अशी विभागणी आमच्या घरातही बरीच वर्षं चाललेली आहे.

सगळी तयारी झाली. मिस्त्रींनी बायकांना ओट्यावर चढवलं आणि सांगितलं, कुणीही खाली उतरायचं नाही, आक्कांनी सुद्धा. पारूबाई डबा सोडायला तयार नव्हत्या. त्यांना दोघींनी मिळून वर घेतलं. मिस्त्री आत गिरणीजवळ जाऊन उभे राहिले. आतनं 'सोड' म्हणून ओरडायचं, मग गुंडाप्पानं क्लच सोडायचा, असं ठरलं. गाडी सुरू झाली. मी हात जोडलेले. सगळं कसं नीट, हिशेबात. तरी मला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

आणि मला आठवलं.

"अहो, गाडीला नवं काम लावताय. लिंबू ठेवलं का?"

हाच तो दुसरा, लहान प्रश्न.

केबिनमध्ये गुंडाप्पानं जीभ चावली. ट्रकवाल्यांत हे फार मोठं असतं. गाडी नवी असू दे, इंजिनाचं काम झालेलं असू दे, नाहीतर पहिल्यांदाच लांबची खेप असू दे. पुढं नारळ फोडायचा, चाकाचाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि गाडी त्याच्यावरनं घालायची. लिंबू फुटलं की पीडा फुटली. त्याशिवाय गाडी हलवत नाहीत. मालकांनी देवघरातला नारळ आणला. लिंबं आमच्या परसातलीच, मी मघाशीच भज्जीसाठी तोडून पदरात ठेवली होती, ती ओट्यावरनं दिली.

जॅकवरच्या चाकाखाली एक ठेवलं. ते चाक अधांतरी, म्हणजे ते लिंबू दर्शनापुरतंच. बाकीच्या चाकांशी मालक अडले. म्हणाले, इथं तर दगड आहेत, लिंबू कुठं ठेवू? आणि मी, ओट्यावर उभी राहून, जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला, मोठ्या जाणतेपणानं सांगितलं:

"चाकापुढंच पाहिजे. दगड जरा बाजूला सरकवा की."

त्यांनी सरकवले. दगड बाजूला गेले, त्यांच्या जागी लिंबं आली. अख्खा ट्रक आता तीन लिंबांच्या भरवशावर उभा होता, आणि ओट्यावरच्या एकाही बाईला त्यात काही खटकलं नाही. उलट पारूबाई म्हणाल्या, आता कसं बरं दिसतंय.

नारळ फुटला. 'हर हर महादेव' झालं. आतनं मिस्त्रींचं 'सोड' ऐकू आलं.

आता गुंडाप्पाला बोल लावता येत नाही. नारळ फुटल्यावर ड्रायव्हर काय करतो? हॉर्न वाजवतो, हँडब्रेक सोडतो आणि हळूच गाडी लिंबांवरनं पुढं घेतो. पहिली गाडी हातात आल्यापासून गुंडाप्पानं हेच केलेलं. गाडी आज पुढं न्यायची नाही हे त्याच्या डोक्याला माहीत होतं. हातापायांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं हॉर्न वाजवला. हँडब्रेक सोडला. आणि गाडी लिंबांवरनं पुढं घेतली.

पुढं उतार, अडवायला दगड नाहीत; गाडी सरकली आणि जॅक दमलेल्या माणसासारखा हळूच आडवा झाला. अधांतरी फिरणारं चाक जमिनीला टेकलं आणि ट्रकनं अशी उडी घेतली, की कपाळाचे गोंडे आभाळाला लागले. पट्टा ताणला, ताणला, आणि सासऱ्यांच्या काळातला त्याचा जोड सुटला. मग तो पट्टा आसुडासारखा जो फिरला, त्यानं ताडपत्रीवरची अख्खी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत झोडपून काढली. डबे उडाले. डब्यांची झाकणं उडाली. एक झाकण तर गरगरत कट्ट्यावर जाऊन बसलं, मालकांच्या रोजच्या जागेवर.

धूळ खाली बसली. रस्त्याच्या कडेला ट्रक थांबलेला, गुंडाप्पा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा. मालकांच्या हातात नारळाची अर्धी कवड. दारातनं रशीद मिस्त्री बाहेर आले, भुवयांवर जुनं पीठ, आणि त्यांनी विचारलं, "सोडलं का?"

ताडपत्रीवर सगळ्या गावाच्या धान्याचा एकच ढीग.

लिंबं मात्र चारही अगदी व्यवस्थित फुटली होती. अधांतरी होतं तेसुद्धा.

आणि त्याच क्षणी लाइट आली. गिरणीतला दिवा लागला, आत घरात टीव्हीवर कुणीतरी खो-खो हसायला लागलं.

कुणाला लागलं नव्हतं, तेवढं मी आधी बघून घेतलं. मग पारूबाई सावकाश खाली उतरल्या. ढिगापाशी उकिडव्या बसल्या, मूठभर धान्य उचललं, तळहातावर घेऊन नीट बघितलं.

"आक्का," त्या म्हणाल्या, "ह्यातली माझी बाजरी कंची?"

मला आजवर कुणी इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही.

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. आमच्याकडं बाई आपली बाजरी डोळे मिटून ओळखते. कुणाची घरच्या बियाण्याची, कुणाची काळ्या रानातली, कुणाची खडा न् खडा वेचलेली. गिरणीत आधीच्या बाईचं मूठभर पीठ आपल्या डब्यात आलं तरी आठ दिवस बोलणं बंद होतं. आणि इथं सगळ्यांचं सगळ्यांत! शिवाय ज्वारी, शिवाय डाळ. मी म्हटलं, ज्याचा त्याचा डबा होता तेवढा भरून देते. तर प्रत्येकीचा डबा शिगोशीग भरलेला होता. एकीचा तर म्हणे झाकण लागत नव्हतं इतका. सगळ्यांचं खरं धरलं असतं तर गुंडाप्पाला ट्रकभर बाजरी आणायला तिथूनच जावं लागलं असतं.

दिवस कलायला लागला होता. शब्द माझा होता. मी आतनं आमच्या घरचं बाजरीचं पोतं ओढत आणलं आणि त्या ढिगात ओतलं. मोटरचा नेहमीचा पट्टा चढवला आणि माझ्या दहा घोड्यांना हाक दिली. तिघं पुरुष घमेल्यानं धान्य आणून देत होते. दिवा लागायच्या आत सगळ्यांचे डबे भरले, शिगोशीग. पीठ ना बाजरीसारखं काळं, ना ज्वारीसारखं पांढरं, असं काहीतरी कबुतराच्या रंगाचं. बायकांनी डबे उचलले आणि गेल्या. जाताना एकीनंही 'येते आक्का' म्हटलं नाही. पीठ देईन असा शब्द मी दिला होता आणि तो पाळला होता. कुणाचं, ते कुठं सांगितलं होतं? पण हे मी मनातच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रानात माझं लक्ष लागेना. पांडव पुजले, आंबील शिंपडली, सगळं केलं. डोळे मात्र बांधावर. येळवशीला माणसं एकमेकांच्या रानात जेवायला जातात. आमच्याकडं कुणी फिरकलं नाही तर समजायचं, गिऱ्हाईक स्टँडावर गेलं. पुरुषांना त्याचं काही नाही. तिघं कोपीच्या सावलीत भज्जी ओरपत कालचा हिशेब परत मांडत होते. हिशेब बरोबर होता, गिअर बरोबर होता, गती बरोबर होती. शेवटी त्यांचं एकमत झालं, की जनरेटरला चाकं नसावीत. एवढं नक्की ठरलंय. बाकीचं अजून बघतायत.

ऊन चढल्यावर बांधावरनं पारूबाई येताना दिसल्या. मी घाईनं ताट वाढलं. त्या आल्या, बसल्या, ताटातला उंडा उचलला, फोडला. वास घेतला. एक घास खाल्ला, सावकाश. दुसरा घेतला.

"चव हाय," त्या म्हणाल्या.

मी आणखी एक उंडा वाढायला वाकले.

"असणारच. माझी डाळ हाय ना त्यात."

त्यांच्या मागोमाग दुसरी आली. तिनं उंडा चाखला आणि सांगितलं, ही गोडी आमच्या घरच्या बियाण्याच्या बाजरीची, मी कुठंबी ओळखीन. तिसरीला तो मऊपणा तिच्या ज्वारीचा वाटला. दिवस मावळेपर्यंत साऱ्या रानांतनं सगळ्या फिरल्या, सगळ्यांनी सगळ्यांचे उंडे खाल्ले, आणि प्रत्येकीची खात्री पटली की गावाची येळवस यंदा आपल्यामुळं गोड झाली. स्टँडावर कुणीही गेलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या येळवशीला आदल्या दिवशी सकाळी, लाइट व्यवस्थित असताना, पारूबाई रांगेत पहिल्या. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाल्या, आक्का, माझं जरा सगळ्यांच्यात मिसळून द्या, मागच्यावानी. मागच्या बाईचंही तेच. तिच्या मागचीचंही.

तेव्हापासून दर येळवशीला मी ताडपत्री अंथरते, गावाची बाजरी, ज्वारी, डाळ तिच्यावर ओतते, आणि उकिडवी बसून दोन्ही हातांनी कालवते. दीडशे घोड्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत केलेलं काम, पण मला दुपार होते, आणि कंबर पार धरून येते. यंदा तशीच कालवत बसले होते. कट्ट्यावर तिघं जनरेटर बघत होते. मला आपलं सहज वाटलं म्हणून विचारलं, "रशीदभाऊ, माझ्यात किती घोडे असतील हो?"

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, ताडपत्रीकडं बघितलं, लिंबांसाठी सरकवलेल्या आणि भिंतीशी अजून तसेच पडलेल्या त्या तीन दगडांकडं बघितलं.

"घोडा एकच हाय, आक्का," ते म्हणाले. "पर बिरेक न्हाय."